लेकीला कॉम्प्युटर इंजिनियर करायचंय ना?

कैऱ्या फोडून झालेल्या असतात, मीठ-हळद लावून त्या परातीत पाणी सोडत असतात, मोहरी अजून फेसायची असते, आणि नेमका त्याच वेळी सीईटीचा निकाल घरात येऊन थडकतो! मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको. निकाल लागेपर्यंत मुलीला झोप नसते आणि लागल्यावर आईबापांना. मग फोन सुरू होतात. ‘पर्सेंटाइल किती?’ हा पहिला प्रश्न. ‘मग कॉम्प्युटरच घेणार ना?’ हा दुसरा. ‘कोणतं कॉलेज आणि का?’ हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. चार वर्षं आणि काही लाख रुपये अवलंबून असतात ते नेमके या तिसऱ्यावर!

मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. साताऱ्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक आई आहे. पण थोरलीच्या वेळी, २०२१ साली, आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक मी चार वर्षं मनात घेऊन हिंडले आणि २०२५ मध्ये धाकटीची वेळ आली तेव्हा पदर खोचून कामाला लागले. त्यातलं जे उपयोगी ते तुम्हाला सांगते.

चूक अशी झाली. थोरलीच्या मनात पुण्यातलं एक जुनं, नावाजलेलं कॉलेज होतं. आदल्या वर्षीचा तिथला कट-ऑफ तिच्या पर्सेंटाइलपेक्षा जरासा वर होता. पसंतीक्रमाचा फॉर्म भरताना आम्ही दोघं म्हणालो, “तिथं कुठं मिळणार! वर ते लिहिलं आणि नाही मिळालं, तर हातचंही जायचं.” म्हणून घरापासून अर्ध्या तासावरचं एक खाजगी कॉलेज एक नंबरला टाकलं आणि पुण्याचं खाली ढकललं. पहिल्याच फेरीत जवळचं मिळालं. आम्ही पेढेसुद्धा वाटले! पहिला पर्याय मिळाला की तो पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. दुसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा पुण्याच्या त्या कॉलेजचा कट-ऑफ खाली आलेला होता. थोरलीच्या गुणांच्याही खाली. तिनं ते मोबाइलवर पाहिलं, मोबाइल उपडा ठेवला आणि ताटं घ्यायला उठली. एक शब्द बोलली नाही हो पोर.

आता ही भीती किती निराधार होती ते पाहा. जागावाटप करणारा संगणक गुणानुक्रमे जातो. तुमच्या मुलीचा नंबर आला की तिचा पहिला पर्याय पाहतो. तिथं जागा नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा. वरच्या कॉलेजानं ‘नाही’ म्हटल्यामुळे खालच्या कॉलेजावरचा तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. रेशनच्या रांगेत तुमचा नंबर सहावा असेल, तर तुम्ही आधी साखर मागा की गहू, नंबर सहावाच राहतो ना? तसंच हे. म्हणून फॉर्म भरताना ‘काय मिळेल’ हा विचार बाजूला ठेवायचा आणि ‘काय हवं’ याच क्रमानं लिहायचं. अगदी आवाक्याबाहेरचं वाटणारंसुद्धा वर लिहायला पैसे पडत नाहीत. फक्त एक पथ्य: मिळालं तरी जायचं नाही असं कॉलेज यादीत घालायचंच नाही. यादी मात्र लांब ठेवा, शेवटी खात्रीची चार-सहा नावं असू द्या.

आणि क्रम हा शेवटच्या रात्री ठरवायचा विषय नव्हे, बरं का. २०२५ च्या प्रवेशाला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर तो घेणं भाग होतं. म्हणजे वरची सहा नावं दगडावर कोरल्यासारखी! हे नियम बदलत असतात, म्हणून शेजारच्या मुलाच्या वेळचे नियम ऐकून चालू नका. सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. आमच्या ह्यांनी ती विम्याच्या कागदांसारखी न वाचता फायलीत लावली होती, मीच ती बाहेर काढली.

एल म्हणजे लेक!

कट-ऑफची यादी पहिल्यांदा उघडली की डोळे फिरतात. पण स्वेटरच्या विणीची खुणाक्षरं वाचणाऱ्या आपण बायका, आपल्याला हे काय अवघड! प्रत्येक कॉलेज, प्रत्येक शाखा आणि प्रत्येक प्रवर्ग यांचा वेगळा आकडा असतो. खुणेतलं पहिलं अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींची जागा. मधे प्रवर्ग. शेवटी ‘एच’ म्हणजे त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, ‘ओ’ म्हणजे हद्दीबाहेरच्यांसाठी आणि ‘एस’ म्हणजे राज्यभरासाठी. आमची मुलं शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीतली, त्यामुळे पुण्यातल्या विद्यापीठाला जोडलेल्या कॉलेजांसाठी आम्हाला ‘ओ’चा आकडा पाहायचा होता आणि थोरलीच्या वेळी आम्ही ‘एच’चा पाहून घाबरलो होतो!

मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, हे तर कित्येक घरांत माहीतच नसतं. एलचा आकडा पुष्कळदा जीपेक्षा थोडा खाली असतो. त्या ‘थोड्या’तच कित्येकींचं कॉलेज बदलतं. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरांतले पंचाण्णव तिच्या बरोबरीला किंवा तिच्या मागे. त्यामुळे ९८ आणि ९९ यांच्यात दिसायला एकच आकडा असला तरी त्या एकात हजारो मुलं उभी असतात. आदल्या एकाच वर्षाचा आकडा पाहू नका. तीन वर्षांचे, सगळ्या फेऱ्यांचे पाहा.

फलकावरचं पॅकेज

एसटी स्टँडवरून बाहेर पडलं की समोर भला मोठा फलक: अमुक विद्यार्थ्याला इतक्या लाखांचं पॅकेज! फोटो एकाचा आणि आपण स्वप्न पाहायचं ते आपल्या लेकीचं. मी बँकेत आहे, म्हणून मला एकच सवय, मधला आकडा विचारायची. आमच्या भिशीत अकरा जणी आहोत. एकीच्या अंगावर चाळीस तोळे सोनं असतं. तिचं धरून सरासरी काढली तर आम्ही सगळ्याच जणी सोन्यानं मढलेल्या ठरू! पण कमीपासून जास्तीपर्यंत रांगेत उभं केलं आणि सहावीचं मंगळसूत्र पाहिलं, तर भिशीची खरी स्थिती कळते. त्या सहाव्या आकड्याला मीडियन म्हणतात.

हा आकडा मिळतो, आणि फुकट मिळतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारं कॉलेज आपली माहिती लिहून देतं, ती त्यांच्या संकेतस्थळावरही असते. त्यात किती जणांना प्रवेश दिला, किती जण वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढं शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती, हे सारं असतं. मात्र तो आकडा सगळ्या शाखांचा एकत्र असतो, आणि ज्यांना नोकरी लागली त्यांच्यापुरताच असतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून कॉलेजात गेल्यावर सरळ विचारायचं, “गेल्या वर्षी कॉम्प्युटर शाखेतून किती मुलं बाहेर पडली, आणि त्यांतल्या कितींना नोकरी लागली?” प्रश्न साधा आहे. उत्तर देताना समोरचा माणूस फलकाकडे बोट दाखवू लागला, तर काय समजायचं ते समजा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिकवणार कोण? कॉम्प्युटरला मागणी फार, म्हणून २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा काढून टाकली. चांगल्या सोयी असलेल्या कॉलेजांसाठी ती सवलत, पण तिचा फायदा घेऊन पुष्कळांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. तुकडी वाढवायला एक अर्ज पुरतो. शिक्षक काही अर्जावर येत नाहीत! परिषदेच्या हिशेबानं वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. प्रत्येक कॉलेजाला आपल्या शिक्षकांची नावं, शिक्षण आणि अनुभव संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात, ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ या नावाखाली. ते उघडा आणि बोटं मोडून मोजा. आमच्या थोरलीच्या कॉलेजात एका वर्षात एका विषयाला तीन शिक्षक बदलले. तिसरे आले तेव्हा परीक्षा तीन आठवड्यांवर होती, पोरगी यूट्यूबवरून शिकली. शिकली, आणि नोकरीलाही लागली, पण मग चार वर्षांची फी आम्ही कशाची भरली?

नॅक आणि एनबीए या दोन शब्दांतही गोंधळ होतो. नॅकचा शिक्का अख्ख्या कॉलेजाला असतो. एनबीएची मान्यता शाखेला असते आणि तिला मुदत असते. दारावर एनबीए लिहिलेलं असेल आणि ती मान्यता मेकॅनिकलची निघेल, असं होऊ शकतं. कॉम्प्युटरला आहे का आणि कधीपर्यंत आहे, एवढं विचारून घ्या.

आता शाखांची नावं. पूर्वी कॉम्प्युटर आणि आयटी एवढंच होतं. आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स, मशीन लर्निंग, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी... मिठाईच्या दुकानात एकाच खव्याचे सात प्रकार मांडावेत तसं. खवा मात्र पाहायचा! डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क आणि गणित हे विषय नीट शिकवले जात असतील, तर वर नाव कोणतं का असेना. कॉम्प्युटर की आयटी यावर तर भांडूच नये. चांगल्या कॉलेजातलं इलेक्ट्रॉनिक्स की साध्या कॉलेजातलं कॉम्प्युटर, हा प्रश्न मात्र खरा आहे. माझं मत विचाराल तर कॉलेजाला झुकतं माप द्यावं, कारण सॉफ्टवेअर कंपन्या इतर शाखांच्या मुलांनाही घेतात. पण मुलीला सर्किटचा मनापासून कंटाळा असेल तर हे मत माझ्याजवळच राहू द्या. शिकायचं तिला आहे.

स्वतः जाऊन बघा

स्थळ बघायला जाताना आपण दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून घर जोखतो का? स्वयंपाकघरात डोकावतो! कॉलेजाचंही तसंच. प्रवेश कक्षातली थंडगार हवा, काचेची टेबलं यांना भुलू नका. कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला जा. पहिल्यांदा लॅब बघा. किती यंत्रं चालू आहेत, मुलं खरोखर बसली आहेत का, की कुलूप आहे? संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते? मग कँटीनमध्ये चहा घ्या आणि शेवटच्या वर्षातली एखादी मुलगी गाठा. “बाळ, तुझ्या धाकट्या बहिणीला इथं घालशील का?” एवढंच विचारा. धाकटीबरोबर हिंडताना मी हा प्रश्न पाच ठिकाणी विचारला. एका ठिकाणी मुलगी हसली आणि म्हणाली, “काकू, चहा बरा आहे इथला.” ते नाव आम्ही तिथंच खोडलं.

मुलींची स्वच्छतागृहं बघायला लाजू नका. वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं आणि लॅब किती वाजता, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहा. लॅब दहापर्यंत उघडी आणि मुलींचं दार आठला बंद, तर ती लॅब कुणासाठी उघडी आहे? हा प्रश्न मी एका कॉलेजात विचारला तेव्हा तिथले साहेब म्हणाले, “पालकांचीच मागणी असते.” खरं असेल तेही. आपणच तर म्हणतो ना, काळोख पडायच्या आत घरात!

मुलींच्याच कॉलेजांबद्दल उगाच नाक मुरडलं जातं. पुण्यात महर्षी कर्वे संस्थेचं कमिन्स कॉलेज १९९१ पासून फक्त मुलींना इंजिनियरिंग शिकवतंय आणि तिथल्या कॉम्प्युटरला प्रवेश मिळणं सोपं नाही. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं उषा मित्तल इन्स्टिट्यूट आहे. लॅबची किल्ली, स्पर्धेतली संघनायिका, यंत्र उघडून बसणारी, सगळ्या मुलीच. बाकी जुन्या घराण्यांची ओळख करून द्यायला नको. पुण्याचं सीओईपी १८५४ चं, आता २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ. माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ चं. सांगलीचं वालचंद १९४७ चं. पुण्यातलं पीआयसीटी १९८३ मध्ये निघालं आणि त्याच्या नावातच कॉम्प्युटर आहे. आयआयटी आणि नागपूरचं व्हीएनआयटी यांच्या वाटा जेईईवरून जातात. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी जादा जागा आहेत, तेव्हा मुलगी त्या वाटेवर असेल तर ‘आपल्यासारख्यांना कुठं’ असं म्हणू नका.

पैशाचं काय?

हा परिच्छेद कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. २०२४-२५ या वर्षापासून महाराष्ट्र सरकारनं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण द्यायचं ठरवलं. पूर्वी निम्मी मिळत असे. मेख अशी, की प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. वसतिगृह, मेस, बस हे खर्च आपल्यालाच करावे लागतात. खेरीज फी-माफीच्या म्हणून प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात, टीएफडब्ल्यूएस नावाच्या. उत्पन्नाची मर्यादा आठ लाखच. त्यांचा पर्याय फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो, आपोआप मिळत नाहीत.

खाजगी कॉलेजाची फी किती हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि जाहीर करतं. त्याच्यावर कुणी ‘देणगी’ मागितली तर ती १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायलाही कॉलेजांना मनाई आहे. ही वाक्यं तोंडपाठ असू द्या. म्हणायची वेळ आली तर आवाज चढवायची गरज पडत नाही, माझा अनुभव आहे.

आणि दाखले! नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता, उत्पन्न, अधिवास... हे बारावीच्या दिवाळीत काढायला घ्या. जूनमध्ये तहसील कचेरीतली रांग पाहिलीत तर लोणचं घालायची इच्छा राहणार नाही. दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, तेही आत्ताच बघा.

राहिला प्रश्न जवळ की लांब. थोरलीच्या वेळी कट-ऑफची भीती तर होतीच, पण खरं सांगू? अर्ध्या तासावरचं कॉलेज वर लिहिताना मला मनातून बरंही वाटलं होतं. पोर संध्याकाळी घरी येईल, गरम जेवेल. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. मुलगा असता तर मी पुण्याचं वर लिहिलं असतं का, हा प्रश्न थोरलीनंच मला नंतर एकदा विचारला, भांडून नव्हे, भाजी निवडता निवडता. मी शेंगा सोलत राहिले.

धाकटीच्या वेळी म्हणून आम्ही एक युक्ती केली. वहीच्या कागदाच्या एकवीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर एक कॉलेज, एक शाखा, मागे फी आणि तीन वर्षांचे एलचे आकडे. जेवणाच्या टेबलावर त्या मांडल्या आणि धाकटीला सांगितलं, “तू लाव.” आठ दिवस ते टेबल आम्ही जेवायला वापरलं नाही, खाली पाट मांडून बसलो. ह्यांनी एकदा जाता जाता जवळच्या कॉलेजाची चिठ्ठी दोन घरं वर सरकवली. रात्री थोरली पुण्याहून नोकरीवरून आली, तिनं टेबलाकडे पाहिलं आणि कुणाला काही न विचारता ती चिठ्ठी उचलून परत होती तिथं ठेवली.

धाकटी सांगलीला गेली. तिच्या यादीतलं ते चौथं नाव होतं, तिसऱ्या फेरीत मिळालं. पहिली तीन मिळाली नाहीत म्हणून एक दिवस रडली. तिची गादी, बादली आणि लोणच्याची बरणी घेऊन आम्ही गेलो, तेव्हा वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं की मोठी बरणी खोलीत चालायची नाही, लहान आणा. पुढच्या खेपेला लहान नेली.